दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नसतो

आखाजी हा आमच्या खानदेशात खेळायचा सण. अक्षय्य तृतीयेला इतरत्र सोनं घेतात, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, ओट्या-ओट्यांवर पत्त्यांचे डाव बसतात आणि त्या दिवशी पत्ते कुटणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. सकाळी घागर भरून, आगारी टाकून, आमरस-पुरणपोळीनं पोट तट्ट झालं की बोदवडच्या उन्हात बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. अशा वेळी आमच्या घरात पत्त्यांऐवजी व्हिडिओ गेम निघतो. पुण्याहून निघालेली ताई भुसावळला उतरून घरी पोहोचते आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारते, "डबडं चालू हाये ना रे भो?"

जुनं डबडं केव्हाच गेलं. हे ऑनलाइन मागवलेलं, पण खेळ तेच. निन्टेंडोनं 1983 साली जपानात फॅमिकॉम काढला आणि त्याच्या नकला नव्वदीच्या दशकात सामुराई, लिटल मास्टर असली नावं लावून आपल्याकडे आल्या. कॅसेटवर '9999 इन 1' छापलेलं असायचं. आत मोजकेच गेम, तेच ते पुन्हा. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती, तिथे मायक्रोफोन बसवला होता. नकला करणाऱ्यांनी मायक्रोफोन गाळला, बटणं मात्र बहुतेकांनी दिलीच नाहीत. म्हणजे धाकट्यानं गेम सुरूही करायचा नाही आणि पाणी प्यायला थांबवायचाही नाही. जपानी इंजिनिअरांनी आमचं घर पाहिलं असावं, असा मला दाट संशय आहे.

पहिला रिमोट अर्थातच ताईचा. 'काँट्रा' लावला की ती पडद्याकडे न बघता वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए दाबते. दोघं असल्यानं सिलेक्ट आणि मग स्टार्ट. प्रत्येकाला 30 लाइफ. ही युक्ती मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 1986 साली 'ग्रॅडियस' तपासताना तो त्यांना स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी ती आत घातली आणि काढायची राहून गेली. इंटरनेट नसताना ती बोदवडच्या गल्लीत कुठल्या मामेभावाच्या तोंडून पोहोचली, देव जाणे. नोकरी, संसार, दोन पोरं, एवढं सगळं मधे होऊनही ताईची बोटं ती विसरलेली नाहीत.

खरी भांडणं तिसऱ्या टप्प्यावर, धबधब्याशी. तिथे खडकांवरून उड्या मारत वर जायचं असतं. पुढचा वर चढला की पडदा वर सरकतो आणि जो खाली राहिला तो पडद्याबाहेर जाऊन मरतो. शत्रूची गोळी लागत नाही. सख्खी बहीण घाईत आहे, एवढंच मरणाचं कारण. "थांब ना वं, मी खालीच हाये!" असं मी ओरडेपर्यंत माझ्या दोन लाइफ गेलेल्या असतात. माझ्या सगळ्या संपल्या की तिच्यातली एक उसनी घेता येते. मी न विचारता घेतो.

भाच्याला हे सगळं अजब वाटतं. तो मोबाइलवर खेळतो, त्याची टीम चार गावांत विखुरलेली. त्यातला एखादा मागे राहिला म्हणून बाकीचे अडत नाहीत. मला त्या खेळात काही वाईट दिसत नाही, पण बाजूला बसलेल्याला कोपर मारायची सोय त्यात नाही. हल्ली 'इट टेक्स टू'सारखा (2021) एकट्यानं खेळताच येत नाही असा गेम निघाला, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा मोठा पुरस्कार मिळाला, हे ऐकून ताई म्हणाली, "आमचा टँकवाला काय वायला होता?" टँकवाला म्हणजे नॅम्कोचा 1985 सालचा 'बॅटल सिटी'. त्यात आपली गोळी जोडीदाराला लागली की तो क्षणभर गोठतो आणि चुकून आपल्याच गरुडाला लागली की दोघांचाही खेळ खलास. गरुड फोडणारी व्यक्ती आमच्या घरात ठरलेली आहे. पाहुणी असल्यानं नाव घेत नाही.

बदकं टिपायच्या गेमची बंदूक मात्र आता बाद. ट्रिगर दाबल्यावर बदकाच्या जागी निमिषभर पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला सेन्सर तो टिपतो. सारं गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं. एलईडी टीव्हीला ते जमत नाही.

यंदा ऐन शेवटच्या टप्प्यावर लाइट गेली. 'काँट्रा'त खेळ साठवायची सोय नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून. लाइट येईपर्यंत इन्व्हर्टरवर टीव्ही लावावा, असं ताईनं सुचवलं. आमचा इन्व्हर्टर मरतुकडा. टीव्ही चालू ठेवायचा तर पंखा बंद करावा लागतो. बाहेर लाही होत होती, बाबा पंख्याच्या बाजूनं होते. आईनं उठून पंख्याचं बटण बंद केलं.

"पोरगी वरसातून एकदा येते," ती म्हणाली, "पंखा रोजचाच हाये."