भोपळ्याला शिव्या कशाला?

ऑक्टोबर सरत आला की खानापुरातल्या जुन्या मराठी घरांत अमेरिकेहून एक फोटो येतो. नातू काळा झगा घालून, तोंडाला पांढरं फासून, कोरलेला भोपळा घेऊन दारात उभा. आजी हसते. आजोबा म्हणतात, ‘वतन गेलं, जमीन गेली, आता पोरंही भुतं झाली!’

या आजोबांशी आम्हाला भांडायचं आहे.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला तिकडची मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागतात. यात बुडण्यासारखं काय आहे? हादग्याला आपल्या पोरी या घरून त्या घरी जात, डबा हलवून खिरापत ओळखत, तेव्हा काय बुडालं? सारा वर्ग सोंग घेऊन आला असताना आपल्याच नातवानं कोपऱ्यात बसावं, असं कोणत्या पोथीत लिहिलंय?

उलट या सणाची कुळकथा आम्हा सीमावासीयांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. तो मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथे सलगम कोरत. १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, सण सोबत नेला; तिथे भोपळे मुबलक, म्हणून सलगमाचा भोपळा झाला. सण जगला. भाषा मात्र गेली. १८३१ पासून इंग्रज सरकारने आयर्लंडात ज्या शाळा काढल्या त्या इंग्रजीतून चालल्या. कित्येक गावांत पोराच्या गळ्यात काठी अडकवत, आयरिश शब्द तोंडून निघाला की काठीवर खाच पाडत, खाचा मोजून छड्या मारत. आणि यात आईबापही सामील होते, पोराला पुढे भाकर मिळावी म्हणून! आज हॅलोवीन अर्धं जग करतं, पण आयर्लंडातल्याच बहुतेक घरांत आयरिश बोलली जात नाही.

म्हणून आजोबा, नातवाला सोंगाचं विचारू नका. तो तुमच्याशी मराठीत बोलतो का, ते विचारा. कित्येक बोलतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी भरतात, आणि आईबाप तासतासभर गाडी हाकून मुलांना तिथे पोचवतात.

आणि आपण? आपल्या गावची मराठी शाळा चालत पाच मिनिटांवर, तरी दारात पिवळी बस येते आणि इथला नातू टाय लावून इंग्रजी शाळेला जातो. पट घसरला की शाळा बंद करायला सरकारला निमित्त लागत नाही. कन्नडसक्तीविरुद्ध १९८६ साली रस्त्यावर उतरलेल्या घरांतलीच ही नातवंडं! सक्ती बंगळूरची, हे खरं. तिच्याशी आम्ही लढतो आहोत, लढू. पण या बसचं भाडं बंगळूर भरत नाही.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्हाला म्हैसूर राज्यात कोंबलं. महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव नाकारलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं असं त्यानेही लिहिलं. तेही मिळालं नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. दावा चालेल तेव्हा चालेल. तोवर मराठी प्रदेश म्हणून दाखवायला मराठी लिहिणारी-वाचणारी पोरं नकोत काय?

गंमत बघा. कॅलिफोर्नियात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सहाला नातू काळा झगा घालून बाहेर पडतो, तेव्हा खानापुरात १ नोव्हेंबरचे साडेसहा वाजलेले असतात आणि आजोबा काळ्या दिवसाची काळी फीत दंडाला बांधत असतात. त्याच वेळी फोन लावा. तो त्याचं काळं का ते सांगेल, तुम्ही तुमचं सांगा. मराठीत.

मेअखेरीस आमचे कार्यकर्ते मराठी शाळेच्या पटासाठी घरोघर येतील. चहापाणी नको. पोराचं नाव द्या.