लेखकाला गाऊ द्या

मोडनिंबच्या स्टँडजवळ पूर्वी माझं कॅसेटचं दुकान होतं. आता कार्यक्रमांना साउंड सिस्टिम भाड्यानं देतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावी एका साहित्य मेळाव्याला माझी सिस्टिम होती. पाहुणे कवी आपलीच कविता चालीवर म्हणू लागले. गळा थोडा बसका, सूर मधूनच उतरायचा. दुसऱ्या कडव्यालाच संयोजकांनी मला खूण केली, माईक बारीक करा. मग तीच कविता ऑर्केस्ट्रातल्या गायकानं ट्रॅकवर, भरपूर इको लावून म्हटली. सूर पक्का होता, पण कवी ज्या शब्दाशी अडखळल्यासारखे थांबत होते, तिथून हा गडी सरळ पुढे निघून गेला. मला ते फार लागलं.

आमच्या गावात लावणीची कला केंद्रं आहेत. बैठकीच्या लावणीत गाणारी बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवते आणि दरवेळी भार वेगळ्या शब्दावर टाकते. त्या भारानं अर्थ पालटतो. लिहिणाऱ्याच्या मनात तो भार नेमका कुठं होता, हे त्याच्याच तोंडून कळतं.

आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. शाहीर अमर शेख 1916 साली बार्शीत जन्मले. आईच्या जात्यावरच्या ओव्या कानावर घेऊन वाढले, गिरणीत राबले, संपापायी तुरुंगात गेले. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकरांसोबत 1944 साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ‘फकिरा’ लिहिणारे अण्णाभाऊ कादंबरीकार म्हणून मोठे, पण ते फडावर उभे राहणारे शाहीरही होते. 18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. सहा आठवड्यांत दोन्ही आवाज थांबले. तेव्हा रेडिओ होता, तबकड्या होत्या, टेपरेकॉर्डर होते. तरी आज ऐकायला म्हणून शोधलं, तर माझ्या हाती फार थोडं लागलं.

‘जेजुरी’चे कवी अरुण कोलटकर पखवाज शिकले, गाणी रचली, ती ध्वनिमुद्रितही केली. ती फारशी लोकांपर्यंत पोचली नाहीत म्हणून तो नाद वाया गेला, असं मला वाटत नाही. कॅनडाचे लिओनार्ड कोहेन आधी कवी आणि कादंबरीकार होते. 1967 साली पहिली तबकडी आली तेव्हा तिशी ओलांडलेली, आवाजही काही तालमीतला नव्हे. जगानं तो ऐकलाच ना?

नावाच्या जोरावर लेखकाला स्टुडिओ मिळतो आणि वर्षानुवर्षं रियाज करणारी गायिका बाहेर राहते, ही तक्रार खरी आहे. लेखक दुसऱ्याची गाणी गायला लागला तर मीही तिच्या बाजूनं बोलेन. स्वतःचे शब्द गाताना मात्र त्याला सुराच्या मापानं मोजू नका.

माझ्या मिक्सरला पेन ड्राइव्ह लागतो. कवी स्वतः गाणार असतील, तर रेकॉर्डिंगचे वेगळे पैसे मी घेत नाही. बार्शीकरांनी अमर शेखांचं जे काही ध्वनिमुद्रण मिळेल ते गोळा करून वाचनालयात ऐकायला ठेवावं. कुणाच्या माळ्यावर जुनी तबकडी किंवा स्पूल पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून ऐका.