रिकाम्या खुर्चीला प्रश्न

मंडळी, रात्री अपडेट लावून झोपणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, एरर आली की जागच्या जागी थांबा. दुसरा म्हणतो, काहीही होवो, रेटत न्या. माझं भांडण दोघांशीही आहे, पण पहिल्याशी जास्त, कारण तो स्वतःला 'सेफ' म्हणवतो.

सेफ कसलं डोंबलाचं! जेंटूवाल्यांना विचारा. शंभर पॅकेजेस कंपाइलला लावली आणि तिसरं साडेअकराला पडलं, की उरलेली सत्त्याण्णव सकाळपर्यंत तशीच. त्यातल्या बहुतेकांचा तिसऱ्याशी काडीचा संबंध नसतो. 'इमर्ज'ला '--कीप-गोइंग' सांगितलं तर पडलेलं पॅकेज आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तेवढी बाजूला ठेवून गाडी पुढे जाते, शेवटी यादीही मिळते. पण हे मागावं लागतं.

डेबियनची तऱ्हा निराळी. 'ॲप्ट-गेट'ला '-वाय' दिलं की सगळ्याला 'हो', असा समज. नाही हो! सेटिंगची फाइल तुम्ही हाताने बदलली असेल आणि पॅकेजमध्ये नवी आली असेल, तर 'डीपीकेजी' तरीही विचारतं: जुनी ठेवू की नवी? आमच्या नंदनवनात एका औषधाच्या दुकानात हेच झालं. अपडेटसाठी डेटाबेस बंद केलेला, आणि प्रश्न रात्रभर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेला. सकाळी माणसं प्रिस्क्रिप्शन घेऊन उभी, बिल निघेना. काका म्हणाले, "भाऊ, मशीन बंद असती तं समजलं असतं, हे तं चालू दिसते!" '--फोर्स-कॉन्फओल्ड' आधी दिलं असतं, तर जुनी फाइल ठेवून काम झालं असतं.

आता रेटणारे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल आली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स कोसळल्या. अनेक मशीन्सपाशी माणसाला स्वतः जाऊन बसावं लागलं. म्हणजे कर्नल, बूट, ग्लिबसी इथे थांबायलाच हवं. पण म्हणून फॉन्टचं पॅकेज पडलं तरी अख्खी रांग अडवायची?

गंमत म्हणजे डेबियनच्याच 'अनअटेंडेड-अपग्रेड्स'ला ही अक्कल आहे. फाइलचा प्रश्न येणार असेल तर ते पॅकेज वगळून बाकीचं उरकतं, आणि मेलही पाठवू शकतं. फक्त मेलच्या पत्त्याची ओळ मुळात कॉमेंट करून ठेवलेली असते. आता बोला!