महापालिकेचे नोकर आणि सरकारचे नियम

वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील कारकून आणि अंधेरीच्या महापालिका विभाग कार्यालयातील कारकून यांच्यात उपनगरातील नागरिक कसलाही भेद करीत नाही. दाखल्यासाठी रांग दोन्हीकडे सारखीच, आणि खिडकीमागचा माणूस त्याच्या दृष्टीने ‘सरकारी’च. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोघांमध्ये भली मोठी भिंत उभी आहे. ही भिंत पाडून राज्य नागरी सेवेचे नियम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नोकरांनाही सरसकट लावावेत, अशी मागणी वारंवार पुढे येते. तिचा विचार भावनेने न करता तपशिलाने करावयास हवा.

राज्यघटनेच्या 311 व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरास दिलेले संरक्षण मोठे आहे. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकारी त्यास बडतर्फ करू शकत नाही, आणि आरोप सांगून बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून सामान्यतः त्याची नोकरी जात नाही. हा अनुच्छेद केंद्राच्या व राज्याच्या नागरी सेवेपुरताच आहे. महापालिकेच्या नोकरास आधार आहे तो 1888 च्या महापालिका अधिनियमाचा व त्याखाली केलेल्या सेवानियमांचा. अन्याय झालाच, तर जिल्हाधिकारी कार्यालयातील कारकून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे धाव घेतो. महापालिकेचा कारकून 1971 च्या कामगार कायद्याखाली औद्योगिक न्यायालयात जातो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यास थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. अपराध एक, शिक्षा एक, पण दाद मागण्याचे रस्ते तीन!

हा प्रश्न आजचा नव्हे. अंधेरी व घाटकोपर 1950 साली, तर बोरिवली व मुलुंड 1957 साली बृहन्मुंबईत आले, तेव्हापासून या उपनगरांचा कारभार महापालिकेचाच आहे. 1960 पर्यंत ज्यांच्याशी आपण एका राज्यात नांदलो त्या गुजरातने 1961 च्या कायद्याने पंचायत सेवा निर्माण केली आणि पूर्वीच्या नगरपालिकांचे काही नोकरही तीत घेतले. पुढे वेतनसुधारणेच्या वेळी हे नोकर आपले नव्हेत, असा पवित्रा सरकारने घेतला. मागील तारखेपासून कायदा बदलण्यापर्यंत मजल गेली. अखेर 1983 साली रमणलाल केशवलाल सोनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती अवैध ठरविली व हे नोकर राज्याचेच असल्याचा निर्वाळा दिला. एकदा आपले म्हटलेल्या माणसास पगार वाढविण्याची वेळ येताच परके ठरविता येत नाही, हा त्या निकालाचा व्यावहारिक अर्थ.

मग मुंबईतही तसेच करावे काय? आमचे मत असे नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नागरी स्वराज्यास घटनात्मक स्थान मिळाले. परंतु मुंबईचा आयुक्त आजही राज्य सरकारच नेमते. 7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या एकट्याच्या सहीने या शहराचा गाडा चालला, हे वाचकांनी अनुभवले आहे. अशा स्थितीत कारकून, अभियंता व मुकादम यांची नेमणूक आणि बदलीही मंत्रालयाच्या हाती गेली, तर बोरिवलीच्या नगरसेवकाने तुंबलेल्या गटाराबद्दल जाब विचारावयाचा तो कोणास? लहान नगरपालिकांचे मुख्याधिकारी राज्य संवर्गातून येतात. त्यांचे एक लक्ष गावाकडे आणि दुसरे पुढील बदलीच्या आदेशाकडे असते, हे तेथील नगराध्यक्ष खाजगीत सांगतातच.

सरसकट एकरूपतेचा आग्रह धरणाऱ्यांनी निवृत्तिवेतनाच्या तारखाही पाहाव्यात. राज्य सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासूनच्या नव्या नोकरांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद केले. महापालिकेने हे पाऊल 5 मे 2008 रोजी उचलले. म्हणजे 2007 साली महापालिकेत लागलेला नोकर आपल्याच वयाच्या सरकारी नोकरापेक्षा सुस्थितीत आहे, आणि राज्याचे नियम तेव्हाच लागू असते तर तो या लाभास मुकला असता! 14 ते 20 मार्च 2023 या काळात सरकारी व निमसरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, ते या तारखांच्या दुसऱ्या बाजूस पडलेले लोक होते.

आणि जो हजेरीपटावरच नाही त्याचे काय? कचऱ्याच्या गाडीवर राबणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना महापालिकेचे कायम नोकर म्हणवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले; निकाल लागला 2017 च्या एप्रिलमध्ये. नागरी सेवेचे नियम कितीही विस्तारले तरी कंत्राटदाराच्या माणसाला ते स्पर्श करीत नाहीत. उलट नियमांचा भार वाढला की कायम पदे न भरता कंत्राटे देण्याचा मोह वाढतो. कर्मचारी संघटनांनी या बाजूकडे अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

आम्ही एके काळी शाळेत शिकविले आहे. खाजगी शाळांतील शिक्षकांना 1977 च्या कायद्याने चौकशीचा हक्क व शाळा न्यायाधिकरण दिले. त्यापायी ते सरकारी नोकर झाले नाहीत आणि शाळाही सरकारी झाल्या नाहीत. महापालिकांसाठी हाच मार्ग योग्य आहे. नेमणूक व बदली शहराकडे राहावी. चौकशीची रीत, निलंबनाची मुदत आणि दाद मागण्याची जागा मात्र राज्यभर एक असावी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 15, पोटकलम 2 नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून स्थानिक संस्थांचे नोकर न्यायाधिकरणाच्या कक्षेत आणू शकते, आणि त्याच अधिनियमाने औद्योगिक विवाद कायद्याखालील न्यायाधिकरणांचा दरवाजाही राखून ठेवला आहे. विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात उपनगरांतील आमदारांनी एवढी एकच अधिसूचना मागावी.