आधी मागचे दार उघडा

मोटारीच्या धंद्यात 'फेसलिफ्ट' असा एक शब्द रूढ आहे. अनुवादाच्या मेजावर तो प्रथम आला तेव्हा त्याला 'मुखोद्धार' म्हणावे की 'नवा मुखडा', हे ठरवण्यात अर्धी दुपार गेली होती. पुढे चेन्नईतील एका दुकानात अशी नव्याने सजवलेली गाडी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा 'रंगरंगोटी' हा आपला घरगुती शब्दही फारसा दूर नाही असे वाटले. मात्र तो सर्वस्वी न्याय्यही नाही, हे पुढे दिसेलच.

मोटारीची दारे, छत आणि बाजूचे पत्रे पोलादी साच्यांत दाबून काढलेले असतात. हे साचे फार महाग. ते बदलायचे म्हणजे जवळजवळ नवी गाडीच करायची. उलट पुढची जाळी, दिवे, बंपर या वस्तू बोल्टांनी किंवा खाचांनी बसवलेल्या; त्या बदलणे तुलनेने स्वस्त. म्हणून एखादी गाडी बाजारात येऊन तीन-चार वर्षे झाली, की कारखानदार तिचे तोंड आणि पाठ बदलतात व आत नवा डॅशबोर्ड बसवतात. ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाताखाली केवळ रूप आणि रंग यांसाठी एक स्वतंत्र विभाग काढला. दरसाल थोडे रूप पालटून कालची गाडी जुनी ठरवण्याचा प्रघात त्या कंपनीने रुजवला आणि तो जगभर पसरला. यात फसवणूक आहे असे माझे म्हणणे नाही. साडीचा काठ बदलला म्हणजे पोत बदललाच असे नसते. तरी आपण काठ पाहूनच साडी हातात घेतो.

चेन्नईत मोटारींचा रस्ता म्हणजे अण्णा सालै. जुन्या पिढीच्या तोंडी तो आजही माउंट रोडच आहे. १८४० साली स्थापन झालेल्या सिंप्सन कंपनीने येथे आधी घोडागाड्या बांधल्या आणि मग ती मोटारींकडे वळली. आता शहराबाहेर श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला ह्युंदाईचा आणि ओरगडमला रेनोचा असे भले मोठे कारखाने आहेत. साहजिकच येथला ग्राहक गवळ्याने म्हशीकडे पाहावे तसा मोटारीकडे पाहतो. मी गेले होते ती एका परिचित कुटुंबाबरोबर. तंजावरकडचे मराठी घराणे, तीन पिढ्या चेन्नईत. नवराबायको, दोन मुले आणि पंचाहत्तरीकडे झुकलेल्या आजी. दहा वर्षे वापरलेली लहान गाडी देऊन, वर पाच वर्षांचे कर्ज काढून आयुधपूजेच्या सुमारास मोठी गाडी आणावी, असा बेत होता. गाडीचे आणि दुकानाचे नाव येथे मुद्दामच देत नाही. जे दिसले ते आज पुष्कळ कंपन्यांच्या गाड्यांत दिसते.

पहिला ठसा चांगलाच पडला, हे मान्य केले पाहिजे. पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची एकच बारीक पट्टी, मागेही तशीच. दार उघडताच नव्या कातड्यासारखा वास. कातडे मात्र खरे नव्हे. डॅशबोर्डवर दोन रुंद पडदे एकमेकांना जोडून ठेवलेले, जणू आरशासमोर आरसा. पुढच्या बैठकांना बारीक छिद्रे होती आणि त्यांतून वारा खेळवण्याची सोय होती. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत जो बसला आहे, त्याला ही चैन वाटणार नाही. छतात काचेची खिडकी होती. चेन्नईच्या उन्हात ती वर्षातून किती दिवस उघडली जाईल याचा हिशेब कोणी करत नव्हते. मुले तर तिच्याखालून हलायलाच तयार नव्हती. गियरच्या भोवतालचा काळा चकचकीत भाग पाच मिनिटांत सर्वांच्या बोटांच्या ठशांनी भरून गेला.

विक्रेता तरुण, नम्र, कामात तरबेज. पण पंधरा मिनिटे झाली तरी आम्ही सगळे पुढच्या दोन बैठकांभोवतीच घुटमळत होतो. अखेर आजींनी स्वतःच मागचे दार उघडले, एक हात छताच्या कडेला लावला आणि सावकाश आत जाऊन बसल्या. बसल्याबरोबर मुलाला म्हणाल्या, "अरे, पुढे काय नवे ते तू बघ. मी जिथे बसणार, तिथे काय बदलले ते यांना विचार."

विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले, "पाट्टी, कापड बदलले आहे, आणि फोन चार्ज करायला एक जागा वाढवली आहे."

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की उत्तर दुसरे असू शकत नव्हते. दार तेच, छत तेच, खिडकीची मागे चढत जाणारी रेषाही तीच. मग मागच्या बैठकीत बदल व्हायला जागा कोठे उरते? पाय आत घेताना घोटा जितका वळवावा लागे, तितकाच आताही वळवावा लागणार. खिडकीची कड इतकी उंच, की धाकट्या मुलीला बाहेरचे झाड दिसे, रस्ता नाही. मधल्या जागेवर डोके टेकायला उशी होती, पण ती एवढीशी, की मोठ्या माणसाच्या मानेला तिचा आधार नाही.

आजींना ही दृष्टी कोठून आली, ते परतताना कळले. त्यांच्या माहेरी स्टँडर्ड हेरल्ड होती. ही गाडी चेन्नईचीच. वंडलूरजवळच्या स्टँडर्ड मोटर्सच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागली. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी तिचा देखणा आकार काढला होता, आणि दारे होती फक्त दोन. मागे बसायचे तर पुढची बैठक दुमडून, कमरेत वाकून, लुगड्याच्या निऱ्या सावरत आत शिरायचे. मागे बसणार कोण, हे सांगायला नको: सासूबाई, आत्या, मुले. ॲम्बॅसडर आणि फियाट या चार दारांच्या प्रतिस्पर्धी गाड्यांपुढे टिकाव धरण्यासाठी स्टँडर्डने १९६८ साली हेरल्डला आणखी दोन दारे दिली. मूळ इंग्लंडात अशी चार दारांची हेरल्ड कधी निघालीच नाही; ती खास आपल्या एकत्र कुटुंबासाठी घडली. 'रूप सुधारणे' या शब्दांना पात्र ठरणारा बदल माझ्या मते तो. आपल्या मुंबईत जुन्या 'डुक्कर फियाट'ची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. पुढच्या नमुन्यांत ती सुलट झाली, हाही त्याच जातीचा बदल.

याच कारखान्याने याच्या नेमके उलट उदाहरणही मागे ठेवले आहे. १९८५ साली त्याने 'स्टँडर्ड २०००' बाजारात आणली. अंगकाठी इंग्लंडच्या रोव्हरची, ज्या गाडीला १९७७ साली युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला होता. ॲम्बॅसडरला कंटाळलेल्या श्रीमंतांचे डोळे दिपले. पण बॉनेटखाली इंजिन होते ते जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातले, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या आराखड्यावरचे. किंमत भारी, चाल मंद. तीन वर्षांत, १९८८ साली, गाडी बंद पडली आणि तिच्याबरोबर कारखानाही. दहा वर्षांनी, १९९८ च्या सप्टेंबरात, श्रीपेरुंबुदूरहून ह्युंदाईची सँट्रो निघाली. तिच्या उंच, पेटीसारख्या आकाराला पुष्कळांनी नाके मुरडली. पण बैठक बरोबर कमरेच्या उंचीवर आलेली. आत बसायला खाली वाकणे नको, बाहेर यायला रेटा देऊन उठणे नको. गुडघे दुखणाऱ्या माणसांनी तिचे रूप फार लवकर पत्करले.

मागच्या बैठकीचा विचार केवळ सोयीपुरता असता, तर एवढे लिहिले नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम प्रतीची होती. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी १९५९ साली सिद्ध केला. मागच्यांनीही पट्टा लावावा असा आपल्याकडे नियम आहे. पण आपल्या घरांत 'मागे कशाला?' हा प्रश्न अजून विचारला जातो. म्हणून दुकानातच मागच्या तिन्ही जागांवर तीन माणसे बसवून पट्टे लावून पाहावेत. आम्ही पाहिले, तेव्हा मधल्या पट्ट्याचे कुलूप गादीच्या फटीत बुडालेले होते. ते शोधायला आजींच्या सुनेला दोन्ही हात घालावे लागले. दुकानात शोधावे लागते, ते रोजच्या घाईत कोण शोधणार? 'भारत एनकॅप' ही आपल्या देशाची सुरक्षा-चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. तिचे तारे किती, आणि ते मोठ्या माणसांसाठी किती व मुलांसाठी किती, हे दोन्ही वेगवेगळे विचारावे.

पडद्यांविषयी थोडे. वाऱ्याचा झोत कमी करण्यासाठी पूर्वी हात नुसता पुढे केला की खुंटी सापडे. नजर रस्त्यावरच राही. आता पडद्यावर आधी एक चित्र शोधायचे, ते दाबायचे, मग दुसरे. युरोपच्या एनकॅप संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारी बटणे नसतील तर गुण कापण्याचे ठरवले, ते याचसाठी. दुकानात उभ्या गाडीत बसून पडदा मोहक वाटतो. डोळे मिटून काच पुसण्याचे बटण सापडते का, ही परीक्षा तेथे कोणी घेत नाही. आपण घ्यावी.

आजींची घडीची चाकांची खुर्ची आम्ही बरोबर नेली होती, आणि डिकीशी गाठ पडली ती तिच्यामुळे. आपल्याकडे २००६ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत आहे. म्हणून कारखानदारांनी शेपट्या छाटल्या. मारुतीची डिझायर २००८ साली चार मीटरहून लांब होती. २०१२ साली ती जरा आखूड झाली आणि सवलतीत बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही लहान गाडीला १८ टक्के व मोठीला ४० टक्के, असा भेद या चार मीटरच्या रेषेवर राहिलाच. त्यामुळे पाठीमागचा आकार पुष्कळदा कलावंताइतकाच करखात्यानेही काढलेला असतो. खुर्ची डिकीत बसली, पण आडवी. आणि मग मुलांच्या दप्तरांना जागा राहिली नाही.

त्या कुटुंबाने त्या दिवशी पैसे भरले नाहीत. दुसऱ्या कंपनीची, मुखडा जुनाच असलेली एक गाडी पाहायची ठरले. तिची मागची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात असे आजींनी शेजाऱ्यांकडे पाहून ठेवले होते. तुम्ही जाल तेव्हा एक विनंती अवश्य करा: फेरी मारायला गाडी दिवस मावळल्यावर मागा. दुकानातल्या झगमगाटात पडद्यांचा उजेड कळत नाही. अंधारात तो पुढच्या काचेवर कसा पडतो आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांना किती टोचतो, हे रात्रीच समजते. फेरीत मागे कोणाला तरी बसवा. शक्य तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला.