भिंतीवरची प्रमाणपत्रे पुरत नाहीत


समुपदेशकाची पदवी पाहिली की विश्वास बसतो, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटले नाही. पदवी तपासावीच. पण मानसशास्त्रज्ञ स्टॅनली स्ट्राँग यांनी १९६८ मध्येच तज्ज्ञता आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मांडल्या होत्या.

हा फरक मी अनुभवला आहे. पेरुंगुडीत नोकरीला असताना मी दोन समुपदेशकांकडे गेले. पहिल्यांच्या भिंतीभर प्रमाणपत्रे, नजर मात्र मोबाइलवर. दुसऱ्या बाईंनी आधीच बजावले, ‘बोलणे बाहेर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तरच घरी कळवीन.’ ही मर्यादा सांगितली, म्हणूनच मी मोकळी झाले. इंग्रजीत बोलताना ‘घुसमट’ला शब्द सुचेना. त्या म्हणाल्या, ‘मराठीतच सांगा.’ त्यांनी तो शब्द वहीत तमिळ लिपीत लिहून घेतला. पुढच्या भेटीत त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘घुसमट कशी आहे?’

— एक वाचक, पेरुंगुडी, चेन्नई