दोष कोणाचा, काम कोणाचे?
जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली. अशा प्रसंगी एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते आणि अखेर दोष मातेच्या माथी येतो. त्याने पुढचे मूल वाचत नाही. अंगणवाडी सेविकेस बालकाचे वजन घटलेले आढळताच तिने इतरांस कळवावे. शेतीखात्याच्या सेवकाने त्या घरी परसबागेचे बी पोहोचवावे. ग्रामपंचायतीने घरच्यांस मजुरीचे काम मिळवून द्यावे. शेतकऱ्याने नागली विकण्यापूर्वी मुलांपुरती घरी राखावी. प्रत्येकाचे काम नावानिशी लिहिलेले असले, म्हणजे उणीव वेळीच दिसते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जाताना शिवछत्रपती जव्हारच्या विक्रमशाह राजांस शिरपामाळावर भेटले, असे परंपरा सांगते. गावच्या सेवकांस महिन्यातून एकदा एकत्र बसणे अवघड नसावे.